हिरव्या मोहरेची आणि फुटल्या बांधाची बखर

श्रीशारदा प्रसन्न. जिने मुखी जिव्हा दिली आणि जिव्हेस धार दिली तीस साष्टांग नमन असो. जो ती धार बोथट करितो त्यास आमचे नमन नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास, ते समयी एका दौलतीत जो अनर्थ जाहला त्याची हकीकत येणेप्रमाणे.

दौलत लहान, परंतु तिचा शिरस्ता मोठा. मूळपुरुषांनी राज्य स्थापिले तेव्हां हुकूम केला होता की मुलखातून पत्र येईल त्याचा आधी सूर पाहावा. गोड पत्र आले तर रयत सुखी आहे ऐसे जाणोन ते चांदीचे तबकात ठेवावे आणि सणासुदीस वाचावे. आणि शिव्याशापांचे पत्र आले तर कोठे विपरीत घडते आहे ऐसे जाणोन खाशांनी, म्हणजे खुद्द सरकारांनी, पुढ्यातले ताट सारून उठावे आणि घोड्यावर बसावे. म्हणोन त्या मुलखी संकट पडले म्हणजे लोक सरकारास मनसोक्त शिव्या लिहीत, आणि सरकार त्या मुकाट ऐकोन धावून येत, आणि कोणाचे काही बिघडत नसे. मग दिवाण चिंतोपंत परमुलखी मेजवानीस गेले, तेथे कोणी वकील "तुमचेकडील कागद फार रांगडे हो" ऐसे बोलोन हसला, ते पंतांचे काळजास झोंबले, आणि परतताना पंतांनी एक नवलाचा कारकून बरोबर आणिला. त्यास देह नाही, भूक नाही, रजा नाही. संगणकावर ब्राउझर नामे झरोका उघडावा, त्यात आपला मजकूर टाकावा, की तो आतून वाचोन शब्दांखाली तांबड्या रेघा ओढी, आणि "ऐसे नको, ऐसे म्हणावे" म्हणोन सुचवी, आणि त्याचे ऐकिले म्हणजे हिरवी मोहर उमटवी. त्याचे नाव लेखनसहायक. पंतांनी हुकूम फिरविला की हिरव्या मोहरेवाचून एकही पत्र देवडीच्या आत घेऊ नये. देवडीवर नवा कायदा बसला आणि आत तबकाचा जुना शिरस्ता तैसाच राहिला, आणि ही दोन एके ठिकाणी कशी नांदतील हा विचार अवघ्या दरबारात एकाही शहाण्यास सुचला नाही! धन्य ते दिवाण आणि धन्य त्यांची अक्कल.

या दौलतीत तळ्याची पेठ म्हणोन एक गाव, तेथील चिटणीस राघो अंबाजी. माणूस सरळ, अक्षर देखणे, परंतु स्तुतीचा भुकेला. लेखनसहायक मोहर देताना "आपला सूर अत्युत्तम आहे" ऐसे म्हणे, ते वाचोन राघोपंतांस गुदगुल्या होत, कारण तीस वर्षे चिटणिशी करोन त्यांस कोणी बरे म्हटले नव्हते. पेठेचे माथ्यावर मोठे तळे, बांधाखाली तळआळी, आणि तळआळीत त्यांची थोरली बहीण गोजराक्का हिचे घर. तळ्याचे पाणी सोडावयाची मोरी होती, परंतु तिची किल्ली सरकारचे कमरेस, आणि कुलुपास दुसरा कोणी हात लावील तर हात तोडावा ऐसा दंडक.

भाद्रपदात तळे काठोकाठ भरले आणि बांधास भेग पडली. गोजराक्का पोटरीपर्यंत भिजोन कचेरीत आली आणि बोलिली, "राघू, माझ्या चुलीत पाणी आलंय. सोड ती बाकीची कामं आणि मी सांगते तसं सरकारला लिही. लिही, मेल्यांनो, डोळे फुटले का तुमचे? इथं बांध फुटतोय आणि तुम्ही झोपा काढताय! आम्ही वाहून गेल्यावर काय तेराव्याला जेवायला येणार? किल्ली घेऊन आत्ताच्या आत्ता या, नाहीतर तळपट होईल तुमचं!" राघोपंतांनी अक्षर न गाळता लिहिले, कारण भीती त्यांसही वाटली होती. मग मजकूर झरोक्यात टाकिला, तो आरंभापासोन शेवटापर्यंत तांबडा जाहला, आणि लेखनसहायक बोलिला, "सूर आक्रमक वाटतो. वाचणाऱ्याचे मन दुखावेल. मवाळ करू?" राघोपंतांस ते रुचले नाही. परंतु मोहरेवाचून देवडी उघडत नव्हती, आणि लाजेची गोष्ट ही की ती शाबासकीही त्यांस हवी होती. त्यांनी कळ दाबिली. मग पत्र ऐसे निघाले: "सप्रेम नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा करतो. बांधाबाबत काही ओलसर निरीक्षणे नोंदविण्याची संधी मिळाली, याचा आनंद वाटतो. आपल्या सवडीने किल्लीसह भेट दिल्यास स्वागतच आहे."

पत्र तबकात गेले. सरकारस्वारी बहुत प्रसन्न जाहली, आणि चिटणिसास शालजोडी आली, आणि सोबत निरोप की पेठेत सुख नांदते हे वाचोन संतोष वाटला. गोजराक्का शालीकडे पाहतच राहिली. "पाणी उंबऱ्यावर आलं, आणि तुला शाल आली?" ती बोलिली, "अरे, माझं म्हणणं त्यांच्या कानावर गेलं की नाही?" राघोपंत बोलिले, "आक्का, गेले आहे. जरा रीतीने गेले आहे." मग तिने दुसरे पत्र सांगितले, ते इतके तिखट की कागदास भोक पडावे, परंतु लेखनसहायकाने नकारात्मक शब्द वर्ज्य म्हणोन कळविले, आणि ते पत्र ऐसे निघाले की "आमचा बांध नव्या शक्यतांसाठी खुला होत आहे." दरबारात त्या दिवशी साखर वाटिली. साखर वाटिली हो! इकडे बाया लेकरे उचलोन दारात उभ्या, आणि तिकडे साखर!

मग दोन प्रहरी बांध गेला. गोजराक्काने परात बडवोन अवघी आळी टेकडीवर पळविली म्हणोन माणसे वाचली. घरे गेली, दाव्याची गुरे दाव्यासकट गेली, आणि आक्काने वासरापासोन वाढविलेली तांबू गायही त्यांत गेली. राघोपंत चिखल तुडवीत टेकडीवर गेले तो आक्का दगडावर बसली होती, हाती तुटका कासरा होता. ती बोलिली, "मी सांगितलं ते लिहिलंस का?" "लिहिले, आक्का." "मग?" राघोपंत बोलिले, "झरोक्याने सुधारले." तेव्हां ती म्हणाली, "आणि तू सुधारू दिलंस." इतके बोलोन तिने तोंड फिरविले.

राघोपंतांचे अंगाची आग जाहली, दिवाण चिंतोपंतांवर, झरोक्यावर, आणि सर्वांहून अधिक आपणांवर. ते तैसेच चिखलाचे पायांनी देवडीवर गेले. पहारेकरी बोलिला, "पत्र कुठंय? मोहर दाखवा." राघोपंत बोलिले, "पत्र नाही. तोंड आहे, आणि तोंडाला अजून मोहर लागत नाही." मग त्यांनी देवडीत उभे राहोन आक्काचे पहिले पत्र ओरडोन म्हटले, मेल्यांनो पासोन तळपटापर्यंत, काना-मात्रा न सोडिता. आत सरकार जेवीत होते. वर्षात पहिली शिवी कानी पडताच त्यांनी शिरस्त्याप्रमाणे ताट सारिले, घोड्यावर बसले, किल्ली खुळखुळत दौडत तळ्यावर आले, आणि अवघ्या पेठेदेखत मोरीचे कुलूप उघडिले. आत थेंब नव्हता. चिखलात दोन मासे तडफडत होते.

सरकार खजील जाहले, बोलिले, "आम्हांस कोणी कळविले कसे नाही?" तेव्हां गोजराक्का पुढे आली. "कळवलं होतं, सरकार," ती बोलिली. "राग माझा होता, घर माझं होतं. तो राग तुमच्या दारापर्यंत येऊ दिला असतात तर माझी तांबू आज दाव्याला असती. आता शाल घेऊन काय करू? दाव्याला बांधू?" सरकारांनी किल्ली पुन्हा कमरेस लाविली. उत्तर चिंतोपंतांस सुचले, त्यांनी दप्तरी हकीकत नोंदविली की "तळ्याची जागा मोकळी व हवेशीर जाहली, रयतेने सरकारशी मनमोकळा संवाद साधिला," आणि तीस तत्काळ हिरवी मोहर मिळाली.

सारांश इतकाच की राघो अंबाजीने शालजोडी देवडीचे खुंटीस टांगिली आणि चिटणिशी सोडिली. आक्का अद्याप त्यांशी बोलत नाही, परंतु नव्या गोठ्याचे कूड ते घालितात आणि ती घालू देते. ही बखरही रिवाजाप्रमाणे झरोक्यात घातली होती, ती अवघी तांबडी जाहली. ती तैसीच ठेविली आहे. तिजवर मोहर नाही म्हणोन ती देवडीच्या आत गेली नाही. बाहेर ओट्यावर मोठ्याने वाचितात, आणि वाचनात आक्काचे पहिले पत्र आले म्हणजे तळआळी अवघी उभी राहोन ते म्हणते. इति.