रूलोफच्या परसातली पेनल्टीची जागा

"अख्ख्या नेदरलँड्समध्ये एल्डरवेन फुटबॉल क्लबचं खरं गवत एकाच ठिकाणी उरलंय, आणि ते माझ्या परसात!"

रूलोफ हूविंग हे वाक्य कोणालाही ऐकवायचा. मीटर बघायला आलेल्या माणसाला, वाढदिवसाच्या पाहुण्यांना, एकदा तर देवाधर्माचं सांगायला दारात आलेल्या दोन बायकांनासुद्धा! त्या बिचाऱ्या आपलं पत्रक द्यायचंच विसरल्या. पाहुण्याच्या हातात कॉफी द्यायची, डब्यातलं एक बिस्किट काढायचं, डबा बंद, आणि चला परसात!

परसात बुटक्या पांढऱ्या कुंपणात चहाच्या टेबलाएवढा गवताचा तुकडा होता. मधोमध चुन्याचा ठिपका. क्लबचं जुनं मैदान पाडून तिथं घरं बांधायची ठरली, तेव्हा शेवटच्या सामन्यानंतर लोकांनी हाताला लागेल ते आठवण म्हणून नेलं. कोणी खुर्ची, कोणी गोलची जाळी, एका बहाद्दरानं तर मुतारीचं दार! रूलोफनं फावड्यानं पेनल्टीची जागाच उचलली. तीसुद्धा साधीसुधी नव्हे. एल्डरवेननं आयुष्यात एकदाच राजधानीच्या बड्या क्लबला धूळ चारली होती, आणि ती जिंकून देणारी पेनल्टी याच ठिपक्यावरून मारलेली. छोटा रूलोफ तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसून बघत होता.

क्लबच्या बाकीच्या इतिहासाबद्दल न बोललेलंच बरं. दलदल खणणाऱ्या मजुरांनी हा क्लब काढला, आणि खेळाडू अजूनही गुडघाभर चिखलातून पळाल्यासारखे पळतात. नव्या मैदानावर तर प्लास्टिकचं गवत! रूलोफ एकही सामना चुकवायचा नाही, आणि दर वेळी घरी येऊन म्हणायचा, "सतरंजीवर खेळतात लेकाचे!"

आता खरी गंमत अशी, की परसातलं ते गवत जुन्या मैदानाचं नव्हतंच. आणि हे त्याच्या बायकोला, लामीला, चांगलं ठाऊक होतं.

झालं होतं असं. मागे एकदा रूलोफ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होता. जाताना बजावून गेला, "लामी, तुकड्याला फक्त पाणी घाल. बाकी काही करू नकोस!" लामीनं पाणी घातलं. पण पाणी घालता घालता तिचं लक्ष शेजारच्या फरशीवर गेलं. फरशीवर हिरवं शेवाळं! एल्डरवेनमधल्या बाईला फरशीवर शेवाळं दिसलं की अन्न गोड लागत नाही. तिनं बादलीभर व्हिनेगर ओतलं आणि खसाखसा घासलं. फरशी आरशासारखी झाली. व्हिनेगर मात्र उतारानं थेट ऐतिहासिक ठिपक्यात! आठवडाभरात गवत जळून गेलं.

लामीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं धाकट्या भावाला, टीमेला, फोन केला. टीमे मैदानांची देखभाल करायचा. कुठल्या? तर हासेलमॉन्डच्या! ज्या गावाचं नावही रूलोफ जेवताना काढू देत नसे, त्या वैऱ्यांच्या क्लबात.

"ताई, पेनल्टीच्या ठिपक्याचाच तुकडा देतो की! अगदी मापाचा!" टीमे हसून हसून बेजार झाला.

"कुणाला बोललास तर याद राख!"

तेव्हापासून रूलोफ दर रविवारी हासेलमॉन्डच्या गवतापुढे गुडघे टेकून ठिपका रंगवत होता, आणि लामी खिडकीतून बघत देवाची माफी मागत होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण एक दिवस क्लबचा चिटणीस वीखर घरी आला.

"काका, प्लास्टिक काढतोय आम्ही! पुन्हा खरं गवत! उद्घाटनाला तुमचा तुकडा पेनल्टीच्या जागी बसवायचा, आणि पहिला फटका तुम्हीच मारायचा!"

रूलोफ मटकन खुर्चीत बसला. डोळे भरून आले. मग त्यानं बिस्किटांचा डबा उघडला आणि अख्खा वीखरच्या पुढे सरकवला.

"सगळा डबा?" वीखर घाबरला. "काका, बरं आहे ना तुम्हाला?"

"घे रे बाबा, घे! आणि सामना कुणाशी?"

"हासेलमॉन्डशी."

लामीच्या हातातली बशी खाली पडली.

त्या रात्रीपासून तिनं प्रयत्न सुरू केले. "अरे, इतक्या वर्षांचं मुरलेलं गवत. हलवलं तर मरेल."

रूलोफनं तिला जवळ घेतलं. "वेडी! तुझाही जीव जडलाय त्याच्यावर. मला काय कळत नाही होय?"

मग ती म्हणाली, चिचुंद्री दिसली, आतून सगळं पोखरलं असणार. त्यावर रूलोफ खुर्ची टाकून, घोंगडी पांघरून तुकड्याच्या राखणीला बसला! लामीनं हात टेकले. शेवटी टीमेला फोन केला, तर त्याला फोन ठेवायची घाई. फारच घाई.

"टीमे, तू कुणाला बोललास का?"

"फक्त एकालाच, ताई. अगदी विश्वासातला माणूस."

उद्घाटनाच्या दिवशी तुकडा हातगाडीवर, क्लबच्या पिवळ्या झेंड्याखाली. रूलोफ कोट घालून हातगाडी ढकलतोय, शेजारून लामी चालतेय. गाडी पाहुण्यांच्या सज्जासमोर आली आणि काय आश्चर्य! हासेलमॉन्डचे झाडून सगळे समर्थक उभे राहिले. टोप्या काढल्या. छातीवर हात ठेवले. कोणी डोळे पुसले. आणि सगळ्यांनी मिळून आपल्या क्लबचं गाणं सुरू केलं!

"बघ लामी!" रूलोफनं तिला कोपरानं ढोसलं. "वैरी असले तरी इतिहासाची कदर आहे त्यांना!"

आता मात्र लामीला राहवेना. "रूलोफ, थांब. हे गवत त्यांचं आहे."

"काय?"

तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. व्हिनेगर, फरशी, टीमे. रूलोफनं हातगाडी खाली टेकवली. सज्जात पहिल्याच रांगेत टीमे होता, टोपी तोंडात कोंबून हसू दाबत. लामीला वाटलं, आता हा माणूस इथंच कोसळतोय. नव्हे, आपलाच संसार कोसळतोय.

रूलोफचा चेहरा लालबुंद झाला. पण आवाज निघाला तो अगदी बारीक. "लामी, जुन्या मैदानाचा तुकडा पहिल्याच हिवाळ्यात मेला."

"अं?"

"खत जास्त झालं माझ्या हातून. तू बहिणीकडे गेली होतीस. मग मी पहाटे जाऊन नगरपालिकेसमोरच्या चौकातला तुकडा कापून आणला."

"म्हणजे मी व्हिनेगर ओतलं ते..."

"चौकावर."

"आणि मी इतकी वर्षं जिवाला खात बसले? मेल्या!"

"आणि मी काय सुखात होतो? बाबांना शब्द दिला होता गं, ती जागा जपीन म्हणून." रूलोफनं नाक ओढलं. "त्यांच्या फोटोकडे बघायची चोरी झाली होती."

लामीचा राग कुठल्या कुठे गेला. तिनं त्याचा कोट नीट केला. "जपलीस की. कुंपण कुणी घातलं? ठिपका कुणी रंगवला? चल, ढकल गाडी. लोक बघतायत."

"काका, या ना!" मैदानातून वीखर ओरडला.

तुकडा बसवला. रूलोफनं पहिला फटका मारला. गोलरक्षक मोठ्या मनानं उलट्या बाजूला पडला आणि चेंडू रमतगमत आत गेला. सगळ्यात जास्त टाळ्या हासेलमॉन्डवाल्यांच्या!

मग सामना झाला. एल्डरवेनला पेनल्टी मिळाली. त्याच तुकड्यावर आपल्या गड्याचा पाय सरकला आणि चेंडू थेट गाड्या लावल्या होत्या तिकडे. मग बाजू बदलल्यावर हासेलमॉन्डला पेनल्टी मिळाली. तोच तुकडा. त्यांच्या गड्यानं आधी वाकून गवत थोपटलं, आणि चेंडू जाळीत!

सज्जात नुसता दंगा. रूलोफनं एकदा त्या ठिपक्याकडे बघितलं. मग लामीच्या कानाशी लागला.

"पुढच्या वर्षी चौकातलंच आणू."