खुर्चीतून उठण्याची अंतिम परीक्षा

कोणतीही गोष्ट माणसाला सहज जमत असेल, तर तिचा अर्थ एवढाच की ती त्याला अजून कोणी शिकवलेली नाही. खुर्चीतून उठणे ही अशीच एक गोष्ट होती. हजारो वर्षे माणसे उठत होती, बसत होती, मनात आले की पुन्हा उठत होती, आणि या सगळ्यावर कोणाचीही देखरेख नव्हती. ही अनागोंदी आमच्या विद्यापीठाने शरीरगतिशास्त्र विभाग स्थापन करून संपवली.

विभागाची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. मानवी हालचालीचा येथे चार वर्षे बसून अभ्यास होतो. (बाकांना पाठ नाही. पाठ टेकणे हा विषय तिसऱ्या वर्षाला आहे.) विभाग तिसऱ्या मजल्यावर असून जिना संशोधनासाठी दोरी लावून राखून ठेवला आहे, त्यामुळे सर्वजण लिफ्टने ये-जा करतात. चालण्याच्या यंत्रावर जुने प्रबंध रचून ठेवले आहेत. यंत्र सुरू केले की संशोधन पुढे सरकते, असे प्रयोगशाळा सहायक पाहुण्यांना सांगतात. कोपऱ्यात एक सांगाडा आहे. त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी हरवली आहे, तरीही विभागात सर्वात ताठ तोच उभा असतो.

येथील पदवीधरांना बाहेर मोठी मागणी आहे. विभागाच्या आकडेवारीनुसार शंभरातील चाळीस व्यायामशाळांत, तीस पुनर्वसन केंद्रांत आणि वीस क्रीडासंघांकडे जातात. उरलेले दहा अजून वर्गातच आहेत. त्यांना बाकावरून उठता येत नाही अशी वदंता आहे. विभाग त्याला उच्च शिक्षण म्हणतो.

पदवीसाठी शेवटची पायरी म्हणजे प्रात्यक्षिक. त्यात विद्यार्थ्याने एक ‘नैसर्गिक देह’ सादर करायचा असतो. नियमावलीत याची व्याख्या नेमकी आहे: ज्याने स्वतःच्या हालचालीचा आयुष्यात कधीही विचार केलेला नाही, असा सज्ञान मनुष्य. हा मनुष्य खुर्चीतून उठतो, कॅमेरा ते टिपतो, आणि विद्यार्थी उठण्याचे चार टप्पे (झुकणे, आसनत्याग, सरळ होणे, स्थिरावणे) ओळखून दाखवतो. देह उठला नाही तर विद्यार्थी नापास. देहाला काही होत नाही.

शिंप्याची धाकटी मुलगी या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. दोष तिच्या अभ्यासाचा नव्हता, उलट अभ्यास जास्त झाला होता. ती घरी मोठ्याने पाठांतर करी आणि घर लहान होते. पहिल्या खेपेला तिने आईला नेले. आई खुर्चीच्या कडेला सरकली आणि म्हणाली, “हं, आता मांडीचा पुढचा स्नायू.” परीक्षकांनी तिला दूषित देह म्हणून बाद केले. दुसऱ्या खेपेला वडिलांना नेले. त्यांचा खांदा उचलायला किती स्नायू लागतात हे कळल्यापासून त्यांच्या हातून बाही सरळ कापली जात नव्हती. ते तर बसायलाच तयार होईनात. थोरला भाऊ पूर्वी फुटबॉल खेळायचा. आता तो चेंडूपाशी पोचून विचार करतो, तोवर दुसरा कोणीतरी गोल करून जातो.

तिसरी संधी शेवटची होती. एका पुनर्वसन केंद्राने धाकटीसाठी जागा धरून ठेवली होती. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना पुन्हा उठायला शिकवायचे काम होते आणि ते तिला मनापासून हवे होते. केंद्राने कळवले होते की सोमवारी पदवी घेऊन या, नाहीतर येऊ नका.

तेव्हा परगावी राहणाऱ्या आत्याला बोलावण्यात आले. आत्या म्हणजे शुद्ध माल. दिवसभरात ती किती वेळा उठबस करी याची तिलाही गणती नव्हती. ती येण्याआधी घरात ठराव झाला: आत्यासमोर हालचालीविषयी चकार शब्द काढायचा नाही.

ठराव जेवणापर्यंत टिकला. जेवण होताच वडील आधी डावीकडे वळले, मग दोन्ही तळहात टेकले, डोळे मिटले आणि उठले.

“दादा, तू असा काय उठतोस?” आत्याने विचारले.

“सहज,” वडील म्हणाले.

“सहज असं उठतात?”

“आत्या, भात घे ना,” धाकटी घाईने म्हणाली.

“अगं, हात धुतले मी. पण तुझ्या बापाला दाखवा कोणाला तरी. आणि वहिनी, तू का गं सरकतेयस खेकड्यासारखी?”

घरातील सर्वजण आत्या झोपेपर्यंत बसून राहिले. उठण्याचा धोका कोणी पत्करला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत परीक्षा झाली. टेबलामागे तिघे बसले होते: विभागप्रमुख, प्रयोगशाळा सहायक आणि बाहेरून आलेले परीक्षक. या बाहेरच्या परीक्षकांनी उठण्यावर दोन खंड लिहिले आहेत. (पहिला खंड आसनत्यागापर्यंत आहे. दुसऱ्यात पहिल्याचे शुद्धिपत्र आहे.) ते चाकांच्या खुर्चीवरून आले होते. त्यांना काही आजार नव्हता, केवळ व्यासंग होता.

आत्याच्या खांद्यावर, कमरेवर, गुडघ्यावर चिकट ठिपके लावण्यात आले. कॅमेरा सुरू झाला.

“नैसर्गिकपणे उठा,” विभागप्रमुख म्हणाले.

“म्हणजे कसं?”

“घरी उठता तसं.”

“घरी मला कोणी उठ म्हणत नाही. मी आपली उठते.”

“तेच करा.”

“अहो, पण आता तुम्ही म्हणालात ना.” आत्याने पायांकडे पाहिले. एक पाय मागे घेतला. मग तो पुढे घेऊन दुसरा मागे घेतला. “आधी कुठला असतो हो?”

चार वर्षांत धाकटीने हा प्रश्न पुष्कळांना पडताना पाहिला होता. त्यातून कोणी परत आलेले पाहिले नव्हते.

“तुम्ही एकदा उठून दाखवा,” आत्या बाहेरच्या परीक्षकांना म्हणाली. “मी बघून तसं करते. माझी नजर चांगली आहे.”

परीक्षक किंचित झुकले. मग थांबले. “नाक गुडघ्यांच्या पुढे जायला हवं,” ते पुटपुटले, “पण किती, यावर मतभेद आहेत.” त्यांना धीर देण्यासाठी विभागप्रमुख उठू लागले आणि अर्ध्यावर अडकले. ना धड बसलेले, ना धड उभे, अशा स्थितीत त्यांनी सहायकाकडे पाहिले. सहायकाने सांगाड्याकडे पाहिले.

“आता मला घाम फुटला बाई,” आत्या म्हणाली. “कंबर कुठे ठेवायची तेच कळेना. आजवर कुठे ठेवत होते देव जाणे.”

घड्याळात परीक्षेची वेळ संपत आली होती. सोमवारची नोकरी खुर्चीत बसली होती आणि उठत नव्हती. धाकटीने पुस्तके आठवून पाहिली. पुस्तकांत चार टप्पे होते, पण पहिल्याच्या आधी काय असते ते कुठेच नव्हते. मग तिच्या तोंडून, पुस्तकाचा कसलाही आधार नसलेले, एक वाक्य निघाले.

“आत्या, निघताना गॅस बंद केला होतास ना?”

‘ना’ उमटायच्या आत आत्या दारात होती. झुकणे, आसनत्याग, सरळ होणे, तिन्ही इतके निर्मळ की कॅमेऱ्यानेही दाद द्यावी. (स्थिरावणे लिफ्टपाशी झाले.) धाकटीने चारही टप्पे मोठ्याने, क्रमाने सांगितले. परंतु ते ऐकायला टेबलामागे कोणी उरले नव्हते. विभागप्रमुख आत्याच्या मागे होते, सहायक त्यांच्या मागे, आणि सर्वांच्या पुढे, दोरी ओलांडून, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत, दोन खंडांचे लेखक घराकडे धावत होते. चाकांची खुर्ची अजून विभागातच आहे.

कॅमेऱ्याने सगळे टिपले होते, त्यामुळे धाकटी विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली. पुनर्वसन केंद्रात आज तिच्या हाताखालचे रुग्ण कमालीच्या वेगाने उठतात, आणि केंद्राच्या दारात सकाळपासून गर्दी असते, ती सगळी बाहेर पडणाऱ्यांची.

विभागानेही या शोधाची योग्य दखल घेतली. ‘गॅसजन्य गतिप्रेरणा’ हा विषय चौथ्या वर्षाला सक्तीचा करण्यात आला. वाक्याची फोड झाली, स्वरांचे आलेख निघाले, विद्यार्थ्यांनी ते तोंडपाठ केले. परिणामी आता विभागात कोणी कोणाला गॅसविषयी विचारले तर समोरचा मान डोलावतो, ‘बरोबर’ म्हणतो आणि बसून राहतो. शिकवलेल्या माणसावर ते वाक्य चालत नाही, असा निष्कर्ष निघाला आहे. नव्या वाक्याचा शोध सुरू आहे.

जाता जाता वाचकांसाठी एक सूचना. हा मजकूर आपण बसून वाचला आहे आणि थोड्या वेळाने आपल्याला उठावे लागेल. आधी कुठला पाय मागे घ्यायचा, याचा विचार आपण एव्हाना सुरू केला असेलच. घाई नको. गॅसची आठवण करून आपल्याला उठवले असते, पण ते वाक्य आता आपणही शिकला आहात. विभागात प्रवेश सुरू आहेत. बाकांवर जागा आहे.