माईंची टोपी

टोपी घरी आली त्याच सकाळी माईंनी ती आधी स्वतःच्या डोक्यावर चढवली.

“अगं, ती माझी आहे! साखर माझी वाढलीय!” नाना ओरडले.

“तुमचीच आहे हो. पण मेंदूत वीज सोडणार म्हणे. आधी मी बघते.”

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. दोघांनी जन्मभर बेकरी चालवली होती आणि माईंनी चव घेतल्याशिवाय भट्टीतला एकही केक काचेच्या कपाटात गेला नव्हता. म्हातारपणी बेकरी विकली, पण चव घेणं सुटलं नाही. नानांचं खोकल्याचं औषधसुद्धा आधी माईंच्या जिभेवरून जाई.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “टोपीतून सौम्य वीज जाते. गोडाची ओढ कमी होते का, बघू. साखर उतरली नाही, तर मग रोज इंजेक्शन.” सुईच्या नुसत्या नावाने नानांचे हातपाय गार पडत. त्यामुळे माईंचं बघून झालं की ते रोज निमूट टोपी घालून बसत.

नानांची ओढ तसूभरही कमी झाली नाही. घरात केक होणं मात्र थांबलं.

“आज ओव्हन नाही लावलास?”

“नको बाई. वासानेच मळमळतं.”

मग बिस्किटं गेली, जॅम गेला, चहातली साखर गेली. नाना आशेने शेजारी गेले, तर माई आधीच तिथे ताकीद देऊन आलेल्या. एके सकाळी रिकामा डबा हुंगता हुंगता नानांच्या डोक्यात प्रकाश पडला. टोपीवरचा हिरवा दिवा माईंच्या डोक्यावर लागायचा, नानांच्या डोक्यावर कधीच नाही. यंत्र दिवसातून एकदाच चालायचं!

सांगावं, तर टोपी जाऊन सुई येणार. न सांगावं, तर हा असला चहा. नाना गप्प राहिले आणि दिवसेंदिवस वाळत गेले.

तपासणीला डॉक्टर खूश. “साखर उतरली! टोपीचा गुण! आता ही कायमची वापरा.”

‘कायमची’ हा शब्द नानांना सोसवला नाही. त्यांनी सगळं ओकून टाकलं. “सुई टोचा, काय वाटेल ते करा. पण हिच्या डोक्यावरून ती टोपी काढा!”

डॉक्टरांनी एकदा माईंकडे पाहिलं. मग उठून त्यांनी कपाट उघडलं.

“एवढंच ना? ती यांना राहू द्या. तुम्हाला दुसरी देतो.”

नानांनी कपाळाला हात लावला. तोवर नवी टोपी माईंच्या हातात होती.

“थांबा,” त्या म्हणाल्या, “आधी मी बघते.”