टेबलाखालचा भाडेकरू

"आत गेल्यावर तू मला ओळखत नाहीस," घड्याळजीने कॅफेच्या दाराबाहेर बायकोला तिसऱ्यांदा बजावलं.

"ते मला जमेल," बायको म्हणाली. "तुझ्या पोराला जमतंय का ते बघ."

पोर म्हणजे बोचकं. तपकिरी, झिपरं, एक कान उभा आणि एक आडवा. झोपलेलं असलं की कुणाचं तरी कपड्यांचं गाठोडं वाटेत पडलंय असं वाटायचं, म्हणून हे नाव. पट्ट्याच्या टोकाला बसून ते दोघांकडे आळीपाळीने बघत होतं. आज पुढचा तासभर बापाला परकं मानायचंय, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगून उपयोगही नव्हता.

अडचण साधी होती. बोचकं घरात एकटं राहिलं की रडायचं, आणि ते रडणं तीन मजले ऐकायचे. सध्याच्या घरमालकाने महिनाअखेरपर्यंत घर रिकामं करायला सांगितलं होतं. "पण त्याच्या आत पुन्हा एकदा जरी रडलं, तरी सामान त्याच दिवशी रस्त्यावर," असंही वर ऐकवलं होतं. आता महिना संपायला चार दिवस उरले होते. अकरा घरं बघून झाली होती. अकराही ठिकाणी "आमच्याकडे कुत्रा आहे" म्हटल्यावर समोरच्याला एकदम काहीतरी काम आठवायचं. त्यामुळे बाराव्या वेळी घड्याळजीने फोनवर सांगून टाकलं, "कुणी नाही हो. मी आणि बायको. बायको कामावर असते, मी एकटाच भेटायला येतो." आयुष्यात कधी न केलेली गोष्ट माणूस घाईत करायला गेला, की ती अशीच अर्धवट करतो.

भेटीची जागा घरमालकीणबाईंनीच ठरवली, त्यांच्या घरामागचा हा कॅफे. इथे कुत्र्यांना आत यायला परवानगी होती. म्हणूनच घड्याळजी, बायको आणि बोचकं गेली चार वर्षं दर रविवारी इथे येत होते. जागा बदला म्हणायची घड्याळजीची हिंमत झाली नाही. बोचक्याला घरी ठेवण्याची तर सोयच नव्हती. आणि बायकोने बाहेर थांबायला साफ नकार दिला. "तू समोरचा म्हणेल त्याला मान डोलावतोस. मागच्या वेळी मोरीला दार नसलेलं घर पसंत करून आला होतास. मी शेजारच्या टेबलावर बसते. एकदा खोकले तर नीट विचार, दोनदा खोकले तर नाही म्हण."

तर असा सगळा बेत होता.

बायको बोचक्याला घेऊन खिडकीजवळ बसली. पट्टा आखूड धरला, बोचकं टेबलाखाली गेलं. तिच्या डोक्यावर भिंतीवर पाटी होती. कुत्रा जमिनीवर बसेल, खुर्चीवर नाही. पट्टा हातभरापेक्षा लांब नको. आपल्या बशीतलं त्याला भरवू नये. दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: कुत्र्यावर ओरडू नये, त्याच्या माणसांवरही नाही.

घड्याळजी पलीकडच्या टेबलावर बसतो न बसतो, तोच मिशीवाला वेटर आला. त्याने घड्याळजीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि त्याच्या मिशीची दोन्ही टोकं खाली आली.

"काय झालं साहेब? वहिनी तिकडे आणि तुम्ही इकडे?"

"मामा, दोन कॉफी. आणि मी त्या बाईंना ओळखत नाही."

"इतकं ताणू नये साहेब," वेटर हळूच म्हणाला. आणखी काही बोलणार, तेवढ्यात दार उघडलं आणि बरोबर चारच्या ठोक्याला घरमालकीणबाई आत आल्या. इस्त्रीची साडी, घट्ट अंबाडा, हातात कागदांची फाइल. तीस वर्षं रुग्णालयात मेट्रन होत्या. त्या आल्यावर तीन टेबलांवरची माणसं आपोआप ताठ बसली.

"तुमचा घड्याळांचा धंदा ना?" खुर्चीत बसता बसता मेट्रनबाईंनी विचारलं. "आमच्या जिन्यात लंबकाचं घड्याळ आहे. हे रोज किल्ली द्यायचे. हे गेल्यापासून बंद आहे. कुणाच्या हाती द्यावंसं वाटलं नाही."

"मी बघेन की!" घड्याळजी मनापासून म्हणाला.

खिडकीजवळच्या टेबलाखालून आवाज आला. थप, थप, थप.

बोचक्याने आवाज ओळखला होता. शेपटी टेबलाच्या पायावर आपटत होती.

"कसला आवाज?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"काही नाही," घड्याळजी म्हणाला. थप, थप. त्याने आवाज खाली आणला. "काही नाही," तो कुजबुजला.

"मोठ्याने बोला. पुटपुटणारी माणसं मला चालत नाहीत. पाळीव प्राणी?"

"छे छे!" थप, थप, थप, थप. "अजिबात नाही!"

"बरं. मागचा भाडेकरू कुत्र्याला गच्चीत बांधून दोन दोन दिवस गायब व्हायचा. तेव्हापासून मी करारातच घातलंय." त्यांनी फाइल उघडून छापील ओळीवर बोट ठेवलं. "भाड्याच्या दोन खोल्या वर, मी खाली. पाणी सकाळी एकच तास."

बायको एकदा खोकली.

"एकच तास म्हणजे... किती ते किती?" घड्याळजीने विचारलं.

"सहा ते सात. आणि घरात खिळे ठोकायचे नाहीत. एकही नाही."

बायको दोनदा खोकली. घर हातचं जाऊ द्यायचं की बायकोचा शब्द मोडायचा? इकडे आड, तिकडे विहीर. त्याने मान अशी हलवली की ती होही नव्हती आणि नाहीही नव्हती. मेट्रनबाई मात्र त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या वळून खिडकीकडे बघत होत्या.

"कोरडा खोकला आहे त्या मुलीला," त्या म्हणाल्या.

आणि नेमका त्याच वेळी घड्याळजीच्या बुटावर काहीतरी ऊबदार आणि जड येऊन टेकलं. खाली न बघताही त्याला कळलं. खोकण्याच्या भानगडीत बायकोच्या हातातला पट्टा सैल झाला होता. बोचकं जमिनीला पोट घासत, कुणालाही धक्का न लावता, दोन टेबलांमधली वाट ओलांडून आलं होतं. बापाच्या बुटावर हनुवटी ठेवून त्याने समाधानाचा सुस्कारा सोडला.

मेट्रनबाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "हे कुणाचं?"

"माझं नाही!" घड्याळजी इतक्या जोरात ओरडला की पलीकडचं गिऱ्हाईक चमचा तोंडात धरून थांबलं. एकदा ओरडल्यावर मग त्याला थांबता येईना. भित्रा माणूस धीट व्हायला गेला की कुठल्या कुठे पोचतो. "अहो बाई! तुमचं कुत्रं आवरा! हातभर पट्टा लिहिलाय भिंतीवर, वाचता येत नाही का?"

"येतं," बायको म्हणाली. "ओरडू नये असंही लिहिलंय. ते तुम्हाला वाचता येत नाही का?"

"असल्या लोकांना आत घेऊच नये!"

हे वाक्य बेतात नव्हतं. बायको उठली, पट्टा उचलला आणि बोचक्याला घेऊन जागेवर गेली. तिचे कान लाल झाले होते. बोचकं जाता जाता दोनदा मागे वळून बघत होतं. घड्याळजीला आपण किती हलकट आहोत ते त्या क्षणी स्पष्ट कळलं, आणि तरी तो गप्प बसला. बारावं घर होतं.

हे सगळं मिशीवाल्या वेटरने गल्ल्याजवळून पाहिलं. आपल्या हातून आजवर चार जोडप्यांची भांडणं मिटलीत, असं तो अभिमानाने सांगायचा. पाचव्या जोडप्यावर वेळ आली होती. तो आत गेला आणि चॉकलेट केकचा मोठा तुकडा घेऊन थेट खिडकीकडे निघाला.

"त्या साहेबांनी पाठवलाय," तो सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असा म्हणाला. "म्हणाले, राग सोड. तुझ्याशिवाय करमत नाही."

मेट्रनबाईंनी फाइल बंद केली.

"तुमची बायको कामावर आहे ना?"

"हो... म्हणजे..."

"ती कामावर, आणि तुम्ही इथे परक्या मुलीवर आधी खेकसता, मग तिला केक पाठवता?"

"मी नाही पाठवला! मी कुणाला कधीच केक पाठवत नाही!"

"हे मात्र खरं आहे," खिडकीजवळून बायको पुटपुटली.

मेट्रनबाई उठल्या. फाइल काखेत मारून सरळ खिडकीजवळच्या टेबलाकडे गेल्या. घड्याळजी तसाच बसून राहिला. चार दिवस, बारावं घर, आणि सामान रस्त्यावर.

"बसू का गं इथे?" मेट्रनबाईंनी विचारलं. बायकोने मान हलवली. "घाबरू नकोस. असली माणसं वॉर्डात खूप बघितलीत मी. खोकला कधीपासून आहे?"

"चार वाजल्यापासून," बायकोच्या तोंडून खरं निघून गेलं.

मेट्रनबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या बोचक्याकडे बघत होत्या. केकची बशी टेबलाच्या अगदी कडेला, त्याच्या नाकापासून चार बोटांवर होती. बोचकं नाक हलवत होतं, पण जागेवरून हललं नाही.

"शहाणं आहे. कुणी शिकवलं?"

बायकोने पलीकडे पाहिलं. "घरीच शिकवलं," ती म्हणाली. "एक अख्खा हिवाळा, रोज संध्याकाळी, बशी पुढे ठेवून. माझा तर धीर सुटला होता."

"घर आहे का गं तुला नीट?"

"नाही. चार दिवसांत सोडायचंय. ह्याच्यामुळे."

मेट्रनबाईंनी फाइल उघडली, पेन काढलं, आणि 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' ही ओळ एका रेघेत खोडली. "असा असेल तर चालेल. दोन खोल्या आहेत माझ्याकडे. एकच अट. तो माणूस," पेनाचं टोक घड्याळजीकडे वळलं, "माझ्या दारात दिसता कामा नये. दिसला की करार संपला. कर सही."

बायकोने पेन हातात घेतलं. घड्याळजी पलीकडून बघत होता. ही आता सही करणार, आणि करायलाच हवी, असंही त्याला वाटत होतं. बोचक्याला छप्पर मिळत होतं. तो मानेनेच खुणावत होता, कर, कर. त्या खुणेतून बायकोला एवढंच कळलं, की बोचक्यासाठी हा स्वतः घराबाहेर राहायलाही तयार आहे.

तिने पेन खाली ठेवलं.

"बाई, तो माणूस माझा नवरा आहे."

"काय?"

"कुत्रा दोघांचा आहे. ही बशीची सवय त्यानेच लावलीय. तो असा नाही हो. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून इतकं वाईट बोलला."

मेट्रनबाईंनी वेटरला बोटाने बोलावलं. "हे खरं?"

"चार वर्षं बघतोय," वेटर म्हणाला. "एका बशीत तीन जण खातात. म्हणजे पाटी लागायच्या आधी खायचे. माझाच गैरसमज झाला बाई, मला वाटलं भांडलेत."

घड्याळजी येऊन टेबलाशेजारी उभा राहिला. बोचक्याची शेपटी पुन्हा सुरू झाली. "चुकलं माझं," तो म्हणाला, आधी बायकोला आणि मग मेट्रनबाईंना. "तिला बोललो ते फारच चुकलं. आम्ही निघतो."

"मी निघा म्हटलं का?" मेट्रनबाईंचा आवाज वॉर्डातला होता. "खोटं बोलून घर मागायला आलात. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आलीय. पण मी तीस वर्षांत पेशंटला कधी बाहेर काढलं नाही. काढलं ते नातेवाइकांना. गोंधळ तेच घालतात." त्यांनी पेन उचललं आणि खोडलेल्या ओळीच्या वर बारीक अक्षरांत लिहायला लागल्या. लिहिता लिहिता वाचत होत्या. "कुत्रा राहील. त्याच्यासोबत एका नातेवाइकाला मुक्कामाची परवानगी. दुसऱ्याने भेटीच्या वेळेत यावे. पाच ते सात."

"आणि मी झोपायचं कुठे?" घड्याळजीने विचारलं.

"दुकान आहे ना तुमचं? एक महिना बघते. मग ठरवू."

सही झाली. केकचे पैसे वेटरने घेतले नाहीत. पाचव्या जोडप्याचं भांडण मिटवल्याचं मात्र त्याने त्याच दिवशी गल्ल्यावरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं.

मेट्रनबाई बोलल्याप्रमाणे वागल्या. पहिल्या संध्याकाळी घड्याळजी पाचला आला. सातला त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वेळ संपली." तो गेला. बोचकं दारात बसून राहिलं, पण रडलं नाही. वर आई आणि खाली बाई आहेत, एवढं त्याला पुरत होतं. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी घड्याळजीने अवजारांची पेटी आणली आणि जिन्यातलं लंबकाचं घड्याळ उघडलं. सहा वर्षांची धूळ काढली, तेल घातलं, किल्ली दिली. लंबक हलायला लागला तेव्हा मेट्रनबाई पदराने डोळे पुसत आत निघून गेल्या.

घड्याळ सकाळी अगदी बरोबर चालायचं, दुपारीही. संध्याकाळी पाचनंतर मात्र त्याला काय व्हायचं कोण जाणे. घड्याळजी येता जाता लंबकाशी काहीतरी खुडबुड करायचा आणि मग सात वाजायला फार वेळ लागायचा. पुढे पुढे तर जेवणं व्हायची, भांडी घासून व्हायची, आणि घड्याळात जेमतेम साडेसहा.

मेट्रनबाईंच्या मनगटावर स्वतःचं घड्याळ होतं. तीस वर्षं त्यावर नाडी मोजलेली, सेकंदाचीही चूक नाही. त्या रोज जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहायच्या. एकदा मनगटाकडे बघायच्या. एकदा लंबकाकडे. वरून बायकोचं हसणं आणि शेपटीची थपथप ऐकू यायची.

"आहे अजून वेळ," म्हणायच्या, आणि खालचा दिवा मालवून झोपायला जायच्या.