हेडक्लार्कांचा बिबट्या

हेडक्लार्कांनी बिबट्याची फिल्म काढायचं ठरवलं ते चहा पिता पिता. कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, पलीकडच्या जंगलात बिबट्या आहे, पण आजवर तो कोणाच्या कॅमेऱ्यात सापडलेला नाही. "त्यात काय एवढं?" हेडक्लार्क बोलून गेले. कप खाली ठेवेपर्यंत ही बातमी साहेबांच्या केबिनमध्ये पोचली, आणि साहेबांनी वार्षिक संमेलनात फिल्म दाखवायचं जाहीरही करून टाकलं. आता माघार घेतली असती तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"मी येते बरोबर," बायको म्हणाली.

"बिबट्या बघायला?"

"तुमच्याकडे बघायला."

वनरक्षकाने ओढ्याकाठी, झुडपांच्या आड एक हिरवा तंबू ठोकून दिला. तो इतका बुटका, की आत बसायचं म्हणजे गुडघे कानाला लावायचे. हेडक्लार्कांनी तिवईवर कॅमेरा चढवला आणि परिपत्रक वाचावं तसे बायकोला नियम ऐकवले. बोलायचं नाही. हलायचं नाही. पिशवी वाजवायची नाही. कॅमेऱ्याला तर हातसुद्धा लावायचा नाही.

बायको दगडासारखी बसली. पहिली शिंक हेडक्लार्कांनाच आली. मग त्यांच्या पायांना मुंग्या आल्या (थोड्या वेळाने खऱ्या मुंग्याही आल्या). मग बिस्किटाचा पुडा उघडल्यावाचून राहवेना.

"तुम्ही हलताय," बायको कुजबुजली.

"पोझिशन घेतोय."

पुडा संपत आला, ऊन कललं, गार झुळूक सुटली. हेडक्लार्कांनी डोळ्यांना जरा विश्रांती द्यावी म्हणून ते मिटले.

उघडले तेव्हा बायको कॅमेऱ्यामागे बसली होती.

"येऊन गेली," ती म्हणाली.

"कोण?"

"बिबट्याची मादी. दोन पिल्लं होती बरोबर."

"अगं, मग मला उठवायचं नाही का?"

"उठवलं की तुम्ही 'काय झालं, काय झालं' म्हणून घर डोक्यावर घेता. इथे जंगल घेतलं असतंत." मग जरा चाचरत ती म्हणाली, "कॅमेरा वळवून ते लाल बटण दाबलं. चुकलं असेल तर सांगा."

कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर हेडक्लार्कांनी फिल्म पाहिली. आवाज ऐकायचे हेडफोन घरी टेबलावर राहिले होते. पण चित्र असं लख्ख होतं, की मादीच्या मिशांवरचं पाणीही दिसत होतं. 'मला हे जमलं नसतं' हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं, आणि शेवटच्या बिस्किटाबरोबर त्यांनी ते गिळून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी संमेलन होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड तसंच साहेबांच्या हाती गेलं. हॉलमध्ये अंधार झाला. मादी पिल्लांना घेऊन ओढ्यावर आली, पाण्याला तोंड लावलं, आणि झुडपांतून एक खोल गुरगुराट उठला. मादीने मान वर केली. गुरगुराट चढत गेला, मध्येच थांबला, शिटीसारखा बारीक झाला आणि दुप्पट जोराने परतला. पिल्लं आईच्या पोटाखाली शिरली. आईने कान पाडले, झुडपांकडे एकवार रोखून पाहिलं आणि पिल्लांना घेऊन ती निघून गेली.

दिवे लागले. पाहुणे म्हणून आलेले वनाधिकारी उठूनच उभे राहिले. "तिथे नर आहे. चांगला दांडगा. आमच्याकडे त्याची नोंदच नाही. उद्याच माणसं पाठवतो."

"समोर मादी, शेजारी नर," साहेब भारावून म्हणाले, "आणि आमचा माणूस शांतपणे शूटिंग करतोय. याला म्हणतात छाती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहिलं. तीही मनापासून टाळ्या वाजवत होती. ते मात्र त्यांना सोसवेना. ते उभे राहिले.

"साहेब, फिल्म हिने काढलीय. मी झोपलो होतो."

टाळ्या थांबल्या. साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे या फिल्ममध्ये तुमचं काहीच नाही?"

नवऱ्याची खाली गेलेली मान बायकोला बघवली नाही.

"असं कसं म्हणता, साहेब?" ती सावरून घेत म्हणाली. "आवाज ह्यांचाच आहे."