सोनपापडीची जन्मतारीख

आमच्या सोनपापडीला पिल्लं होणार नाहीत, हे गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी लेखी दिलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. गेल्या आठवड्यात सोमवारनंतर थेट बुधवार आला आणि आमच्या घरी सगळे मजेत आहेत. आपण मागे जाऊ, जिथे मी अजून हुशार होतो.

तर मी सौरव. हिंगण्याच्या एमआयडीसीत बोल्ट तपासतो. दिवसाला दोन हजार बोल्ट माझ्या हाताखालून जातात. केसाएवढा फरक असला तरी मी तो बोल्ट परत पाठवतो! अशा माणसाला एका कुत्रीचं वय ठरवणं काय अवघड?

ते ठरवायची वेळ ताराचंदजींमुळे आली. ताराचंदजी म्हणजे सोनिकाचे वडील. सोनिका आमच्याच कंपनीत डिस्पॅचला आहे. तिचं-माझं जमलं होतं; तिच्या वडिलांचं आणि माझं जमायचं होतं. त्यांनी उभा जन्म वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात माल उतरवून घेतला. पेटी उघडून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा स्वभाव. पहिल्या भेटीत ते माझ्याकडे ओल्या खोक्याकडे बघावं तसे बघत होते. घाबरून मी मोबाइल काढला आणि त्यांना आमच्या लॅब्राडोरचा फोटो दाखवला.

त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मादी आहे काय? पिल्लं देते?"

"देते ना! दिवाळीपर्यंत एक पिल्लू तुमच्या अंगणात!"

"शब्द?"

"शब्द!"

"मंग तुमचंही दिवाळीतच पाहू."

बाहेर आल्यावर सोनिकाने मला कोपऱ्यात घेतलं. "काहून बोलला तू असं? तुले कुत्र्यातलं काही समजते का?"

"त्यात काय समजायचं? वय झालं, की पिल्लं होतात."

"मंग तिचं वय किती?"

अमरावती रोडवरून तेव्हा एक ट्रक चालला होता. मी तो फार लक्ष देऊन पाहिला.

कारण सोनपापडीचं वय कुणालाच माहीत नव्हतं. ती आमच्याकडे गेल्या दिवाळीत भेट म्हणून आली. आधी कळमेश्वरच्या लहानूभाऊंकडे होती, त्यांनी ती वाडीच्या एका दुकानदाराला दिली, आणि त्याने आम्हाला. दिवाळीत सोनपापडीचा डबा न उघडता पुढे सरकवत राहतात ना, तसं! म्हणून हे नाव.

मी आणि बाबा तिला घेऊन डॉक्टर मिनल मॅडमकडे गेलो. बाबांचं नाव नत्थूजी. ते शेतकऱ्याच्या घरातले, गाय-म्हैस कधी माजावर येते हे त्यांना चालीवरून कळतं, म्हणून त्यांना डॉक्टरांची गरज वाटत नव्हती. मॅडमनी मात्र शांतपणे सांगितलं, "पहिल्या हीटला विचारसुद्धा करायचा नाही. तेव्हा ती स्वतःच पोर असते. दोन वर्षं पूर्ण हवीत, दोन हीट नीट होऊन गेलेल्या हव्यात, कमरेच्या सांध्यांचा एक्स-रे चांगला हवा. आणि पाच-सहाच्या पुढे पहिलं बाळंतपण नको. हिला हीट कधी आली होती?"

मी आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. सोनपापडीने आमच्या दोघांकडे पाहिलं.

"बरं, दात बघू." पण तिच्या तोंडात बाबांची चप्पल होती, आणि ती सोडायचा तिचा विचार नव्हता.

"राहू द्या. जन्मतारीख सांगा."

"एक जून!" बाबा ताडकन म्हणाले.

"वर्ष?"

"किती पाहिजे?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नत्थूजी, खरी तारीख शोधा, मग या."

यात बाबांचा दोष नाही. त्यांच्या गावच्या शाळेत पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, जन्म एक जून, जा वर्गात बस! बाबा एक जूनचे, त्यांचे तिन्ही भाऊ एक जूनचे, आजोबाही एक जूनचे. आमच्या घराण्यात मे महिनाभर बाळंतपण अडवून धरत असावेत.

मी लहानूभाऊंना फोन लावला.

"लहानूभाऊ, ती लॅब्राडोर कुत्री तुमच्याकडे कधी आली होती?"

"गहू निंघून राहिला होता तवा."

"कोणत्या वर्षीचा?"

"ज्या वर्षी चांगला झाला होता त्या."

"आली तेव्हा पिल्लू होती का मोठी होती?"

लहानूभाऊंनी बराच विचार केला. "आमच्या बैलापेक्षा लहान होती गा."

एवढी माहिती हाती आल्यावर बाबांनी तपास स्वतःकडे घेतला. त्यांनी सोनपापडीला अंगणात बसवलं, तिचा पुढचा उजवा पाय उचलला, डोक्यावरून नेला आणि डाव्या कानाला लावला! लॅब्राडोरचे कान लोंबते, ते मांजरीच्या पायालाही लागले असते. तरी बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "पास!"

दुसऱ्या दिवशी ते कोर्टाजवळच्या एका ओळखीच्या माणसाकडून स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेऊन आले. 'सोनपापडी नत्थूजी, जन्म एक जून, वय दोन वर्षे पूर्ण, सज्ञान.' खाली तिच्या पंजाचा ठसा. साक्षीदार म्हणून मी सही केली, आणि सहीखाली लिहिलं, 'गुणवत्ता निरीक्षक'. मला वाटलं, वजन येईल.

बाबांनी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"कागद झाला. आता तिच्या पोटाले काय सांगान?"

"अवं, दोन वर्षं लिवलं आहे ना त्याच्यावर!"

"माह्या लग्नाच्या टायमालेही असाच कागद केला होता. आमच्या बाबानं मास्तरले सांगतलं, अन् मी एका दुपारी सोळाची अठरा झाली. एक जून."

"तो जमाना वेगळा होता."

"जमाना वेगळा होता. पोट हेच होतं." आईने मेथीची एक जुडी संपवली आणि दुसरी घेतली. "मले कोणी डॉक्टरकडं नेऊन इचारलं नव्हतं, का ही पोरगी तयार आहे का. हिले तरी इचारा."

मी सत्तावीस वर्षांचा आहे. आईचं वय मी आजवर शाळेच्या दाखल्यावरूनच मोजत आलो होतो. बोल्ट असता तर हा फरक मी पकडला असता.

बाबा बराच वेळ कागदाची घडी घालत होते. ती घडी घालायला एवढा वेळ लागत नाही. मग आईला म्हणाले, "एक्स-रे काढून घेऊ. तू पण चाल."

म्हणजे वेळ मंगळवारची ठरली. (जो आलाच नाही.) नेमका त्याच सकाळी ताराचंदजींचा फोन आला. "पिल्लाच्या मायले पाहून घेतो म्हटलं." मी त्यांना दवाखान्याचा पत्ता दिला. नाही कसं म्हणणार? पेटी उघडून पाहणारा माणूस!

मॅडमनी सोनपापडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत तिचा जबडा सैल झाला आणि बाबांना चप्पल परत मिळाली. मॅडमनी आधी दात पाहिले, एक्स-रे काढला, मग सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस काढले. आणि तिथेच थांबल्या.

आम्ही चौघं बाकावर बसलो होतो. मी, आई, बाबा आणि ताराचंदजी. चौघांनी एकदम माना पुढे केल्या.

"हिचं वय सात-आठ तरी आहे," मॅडम म्हणाल्या. "दात झिजलेत, सांध्यांचीही झीज दिसते. तोंडावर पांढरे केस आले आहेत, ते दिसले नाहीत तुम्हाला?"

"आमाले वाटलं, दूध लागलं आहे," बाबा म्हणाले.

"रोज?"

बाबा हातातली चप्पल निरखू लागले.

"आधी दोनदा तरी व्यायलेली असावी. आणि ही पोटावरची रेघ दिसते? गर्भपिशवी काढलेली आहे. कुणीतरी शहाण्या माणसानं काही वर्षांपूर्वीच ऑपरेशन करून घेतलंय. म्हणूनच हीट दिसली नाही."

"मंग बरोबर वय कोणतं?" बाबांनी तरीही विचारलं.

"कशाचं?"

"पिल्लांचं."

"नत्थूजी, तिचं हे बसून खायचं वय आहे."

आई उठली. झोपलेल्या सोनपापडीच्या डोक्यावरून तिने हात फिरवला. "सुटली वं माय तू," ती म्हणाली, आणि इतकी हसली, की मॅडमही हसल्या. बाबाही थोडे हसले, चप्पल छातीशी धरून.

हसले नाहीत ते ताराचंदजी. बाबांच्या खिशातून डोकावणारा स्टॅम्प पेपर त्यांनी हळूच ओढला आणि गोदामातल्या सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला.

"वय दोन वर्षं. सज्ञान. हे कोणं लिवलं?"

"बाबांनी," मी म्हणालो.

"हा ठसा?"

"सोनपापडीचा."

"अन् ही सही? गुणवत्ता निरीक्षक?"

मी खिडकीकडे पाहिलं. या वेळी रस्त्यावर एकही ट्रक नव्हता.

"पिल्लाचं जाऊ द्या," ताराचंदजी फार सभ्यपणे म्हणाले. "जनावर आहे, होते असं. मले फक्त एक सांगा, सौरव. तुमची स्वतःची जन्मतारीख काय?"

आता इथे वाचकांना एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्या अख्ख्या घराण्यात दवाखान्यात जन्मलेला पहिला माणूस मी. घड्याळ लावून, डॉक्टरांच्या देखत, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. आणि ती तारीख, नशिबाचा भाग म्हणा, खरोखरच...

"एक जून," मी म्हणालो.

ताराचंदजींनी हात जोडले. "खरी सांगा."

"खरीच आहे! माझ्याकडे जन्माचा दाखला आहे!"

"दाखला तं इचाही होता," ते सोनपापडीकडे पाहून म्हणाले, आणि स्कूटरला किक मारून वाडीकडे निघून गेले.

संध्याकाळी सोनिकाचा फोन आला. "बाबा म्हणून राहिले, पोरगा पस्तिशीचा असन. दोन जून सांगता येत नव्हतं तुले?"

"म्हणजे खोटं बोलू?"

ती जे हसली, ते अजून थांबलेली नाही. लग्नाला तिची ना नाही. पण तिच्या वडिलांना मी खरा केव्हा जन्मलो ते हवं आहे, आणि मी जे खरं आहे ते सोडून दुसरं काही सांगू शकत नाही. म्हणून काल मी पुढील अर्ज केला. पोच अजून मिळालेली नाही.

'प्रति, मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी विभाग. विषय : जन्म एक दिवस पुढे ढकलण्याबाबत. महोदय, अर्जदार हा दिनांक १ जून रोजी प्रत्यक्षात जन्मलेला असून, त्या कारणाने त्याच्या वयावर कोणीही विश्वास ठेवत नाही. तरी अर्जदाराचा जन्म दिनांक २ जून रोजी, अथवा कार्यालयाच्या सोयीनुसार कोणत्याही कामकाजाच्या दिवशी, नव्याने करण्यात यावा, ही नम्र विनंती. मात्र या कामी अर्जदाराच्या आईस पुन्हा तसदी देण्यात येऊ नये.'