रडून पक्की झालेली रूम

रोडपालीत भाडेकराराचा कायदा आपल्याइतका वकिलालाही कळत नाही, असं गुरुदत्त कुणी न विचारता सांगायचा. आणि समोरच्याने ‘मग तुमच्या करारात काय लिहिलंय?’ असं विचारलं, की तेवढ्याच ठामपणे म्हणायचा, “ते वाचलेलं नाही. नुसती सही केलीय. वाचलं असतं तर केली नसती.”

हा गुरुदत्त जासईला एका कंटेनरच्या गोदामात कारकून. लोकांचे डोंगराएवढे डबे कागदावर इकडून तिकडे हलवण्यात त्याचा दिवस जायचा. स्वतःचं बिऱ्हाड हलवायची वेळ आली तेव्हा मात्र त्याची गाडी जागची हलेना.

झालं असं, की तळोज्यात त्याने एक फ्लॅट बुक केला होता, त्याच्या बिल्डरने भलताच दगा दिला. फ्लॅटचा ताबा वेळेवर दिला. (बिल्डरच्या बायकोनेही म्हणे आधी विश्वास ठेवला नाही.) गुरुदत्तची बायको सुनंदा लग्नापासून दुसऱ्यांच्या भिंतींत संसार करत आलेली. खिळा ठोकायचा तर मालकाला फोन, पापड वाळत घालायचे तर सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी. तिने त्याच संध्याकाळी गुरुजींना गाठून गृहप्रवेशाचा मुहूर्त काढला. मग भाड्याचा करार आणून नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. वर्ष पुरं व्हायच्या आत रूम सोडता येणार नाही. सोडायचीच, तर आपल्या जागी दुसरा भाडेकरू आणून द्यायचा, मगच किल्ली परत.

“महादेवशेठना जाऊन सांगा,” ती म्हणाली. “माणूस चांगला आहे. ऐकतील.”

महादेवशेठ म्हणजे घरमालक. गावातलाच आगरी माणूस. जमिनी सिडकोत गेल्या, बदल्यात आलेल्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली. गळ्यात सोन्याचा गोफ, आणि आवाज असा की खाली गेटवर ‘कसा हाय’ म्हटलं तरी तिसऱ्या मजल्यावरचा माणूस ‘बरा आहे’ म्हणायचा. सही करताना गुरुदत्तने याच शेठला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की आम्ही आता इथून हलत नाही, हाकललंत तरी नाही. ते शब्द आता परत कसे घ्यायचे? मग गुरुदत्त रोज ‘उद्या सांगतो’ म्हणायचा, आणि सुनंदा रोज एक खोका भरायची.

अशात एका रविवारी शेठ स्वतःच जिना चढून आले. खुर्चीच्या टोकावर बसले. घाम पुसत म्हणाले, की पोरीचं, अंकिताचं, लग्न ठरलंय, आणि ही एक रूम विकायला काढलीय. लोक बघायला येतील, तेवढी दाखवा.

गुरुदत्तच्या डोक्यात दिवाळी झाली. घर विकलं की करार मेला, ही त्याची स्वतःची कायद्याची समजूत. म्हणजे आपण सोडायचीच नाही, रूमच आपल्याला सोडणार. शब्दही राखला, मुहूर्तही साधला. इथे माणसाने ‘बरं’ म्हणावं आणि चहा टाकावा. पण गुरुदत्तला वाटलं, आनंद दिसला तर शेठला संशय येईल. म्हणून त्याने चेहरा पाडला. चेहरा जरा जास्तच छान पडला, मग आवाजही पाडला. आता आम्ही कुठे जायचं, या भिंतींचा लळा लागला हो, असं करत करत त्याने चष्मा काढून डोळे पुसले. (पाणी खरं होतं. सुनंदा आत मिरच्यांना फोडणी देत होती.)

शेठ एवढा मोठा गडी, पण पाघळला. उठताना त्यांची नजर पलंगाखालच्या खोक्यांवर गेली. बिचाऱ्यांनी हाकलतील या भीतीने आत्ताच सामान बांधून ठेवलं, असा त्यांनी अर्थ लावला आणि जिना उतरले.

पुढचे आठवडे गुरुदत्तने रूम विकायला जिवाचं रान केलं. गिऱ्हाईक आलं की पंखा लाव, खिडकी उघड, नळाचा जोर दाखव. तळोज्याच्या कारखान्यांचा वास वाऱ्याबरोबर आलाच, तर हा माणूस उदबत्ती लावून ‘देवपूजा चालू आहे’ सांगायचा. (त्या घरात दिवसातून सात वेळा देवपूजा होऊ लागली.) एक नवरा-बायको तर इतके खूश झाले, की सोफा कुठे ठेवायचा यावरून तिथेच भांडले. गुरुदत्तला वाटलं, झालं काम. पण शेठनी त्यांना नकार कळवला. का, ते कळेना. दुसरे आले, त्यांनाही नकार. मुहूर्त जवळ येत चालला. सुनंदा आता नवऱ्याशी फक्त खोक्यांबद्दल बोलायची.

शेवटी पुण्याहून इंद्रजीत नावाचा एक माणूस आला. त्याला राहायचं नव्हतं, घेऊन नुसतं ठेवायचं होतं. त्याने घर कमी आणि गुरुदत्तला जास्त न्याहाळलं. चकचकीत ओटा बघितला, उदबत्ती बघितली, आणि मान डोलावत गेला. दुसऱ्या दिवशी महादेवशेठ पेढे घेऊन हजर.

“गुरूभाऊ, तुमचा काम केला,” ते म्हणाले. “सगल्यांना रिकामी रूम पायजे व्हती. मी बोललो, नाय. आत मानूस हाय, त्याला हात लावायचा नाय. यो पुन्याचा कबूल झाला. थोडा कमी दिला त्यानं, जाऊ दे. आता तुमाला तीन वर्सां कोन हलवनार नाय. कागदावरच घेतला.”

गुरुदत्तच्या तोंडात पेढा होता. तो गिळवेना आणि थुंकवेना. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. शेठ गेल्यावर ती ओरडली नाही. पर्स उचलली, चपला घातल्या आणि म्हणाली, “अहो, चला.”

महादेवशेठच्या घरी ओटीवर त्यांची बायको चंद्रावती सुकट निवडत बसली होती. तिने हसून ‘या’ म्हटलं. गुरुदत्तने आधी हवापाण्याचा विषय काढला, मग ट्रॅफिकचा. मग सुनंदाने असं काही खाकरलं, की सगळं खरं एका दमात बाहेर पडलं. तळोज्याचं घर, मुहूर्त, खोकी, आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा.

शेठनी गोफ चाचपला.

“मंग रडलात कनाला?”

“तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं.”

“बोललोच आसतो ना. मालक मानूस, पयला नायच बोलनार. च्या येईपर्यंत नाय बोललो आसतो. च्या पिऊन झाल्यावर हो बोललो आसतो.”

यावर कुठला कायदा लागतो, ते गुरुदत्तला आठवेना. सुनंदाने मात्र पुढे होऊन स्पष्ट सांगितलं, की चूक आमची. पण शेठ, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दारात कलश ठेवायचा आहे हो मला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण शेठनी नजर खाली केली आणि पुण्याला फोन लावला. इंद्रजीत हटून बसला. मला भाडं चालू हवं, जाणाऱ्याने आपल्या जागी भाडेकरू द्यायचा, असं जुन्या करारातच आहे म्हणाला. शेठनी इकडे सुनंदाकडे बघितलं, तिकडे बायकोकडे बघितलं. अंकिताच्या हळदीपासून घरात उरणची पाहुणेमंडळी येऊन पडणार, त्यांना झोपवायचं कुठे हा प्रश्न होताच.

“लिवा माजा नाव,” ते फोनवर गरजले. “मीच येतो भाड्यानं.”

अशा रीतीने महादेवशेठ स्वतः विकलेल्या रूमचे स्वतः भाडेकरू झाले. गावातल्या नाक्यावर याची मजा अजून चालू आहे.

मोकळं झाल्यावर गुरुदत्तला पुन्हा पालवी फुटली. तो हात जोडून म्हणाला, “शेठ, तुमचे उपकार कसे फेडू? वहिनी, लग्नात काहीही काम असो, हक्काने सांगा. पडेल ते करीन.”

चंद्रावतीने सुपातली सुकट झटकली आणि मान वर केली.

“पोरीच्या पाठवनीला या, भाऊ. आमचे मालक लाजतान, त्यांना चारचौघांत रडता येत नाय.”